लिमरिकची चौकडी

दर आठवड्याला या सदरासाठी मला सव्वा पान मिळते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस जसा अर्धा आत आणि अर्धा बाहेर बसतो, तसे माझे लेखन त्या सव्वा पानात बसते आणि वाचकही जरा सरकून मला सांभाळून घेतात. दिवाळी अंकात मात्र संपादक ऐसपैस बैठक घालून देतात. "यंदा पाने भरपूर आहेत, काहीतरी भरघोस येऊ द्या," असा त्यांचा निरोप आला आणि माझी झोप उडाली. मराठीच्या प्राध्यापकाजवळ भरघोस असे काय असणार? फार तर तपासायच्या राहिलेल्या उत्तरपत्रिका!

"त्या कोजागरीच्या गाण्याबद्दल लिहा ना," भाजी निवडता निवडता आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "त्या दिवशी गच्चीवर बोलायला उभे राहिलात ते मसाला दूध पार निवलं तरी थांबला नाहीत. तेच लिहा. निदान या खेपेला कोणाचं दूध तरी निवणार नाही."

घरचा सल्ला फुकट मिळतो म्हणून आपण तो मानत नाही. पण या वेळी मानतो आहे.

गोष्ट गेल्या वर्षीच्या कोजागरीची. आमच्या सोसायटीत त्या रात्री गच्चीवर मुलांच्या करमणुकीचा कार्यक्रम असतो. आमची कन्या अकरावीत आहे. गिटार तिच्या खांद्यावर असते आणि तिचा अभ्यास आमच्या डोक्यावर. तिने आणि तिच्या तीन सवंगड्यांनी कार्यक्रमाच्या यादीत एक इंग्रजी गाणे दिले. गाण्याचे नाव ‘झॉम्बी’. सोसायटीच्या चिटणीसांनी कोणाला तरी अर्थ विचारला आणि ‘चालतं प्रेत’ असे उत्तर मिळाले. झाले! तातडीने बैठक भरली. "साक्षात लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत आकाशातून फिरत असताना आपण गच्चीवर प्रेत चालवायचं?" हा चिटणीसांचा सवाल बिनतोड होता. वाद शेवटी "सरांना विचारा" या मुक्कामावर येऊन थांबला. भाषेच्या मास्तराला जगातल्या सगळ्या भाषांतले सगळे समजते, अशी आपल्याकडे एक गोड गैरसमजूत आहे.

मी म्हणालो, "गाणं भुताचं नाही. बॉम्बस्फोटात दोन लहान मुलं गेली, त्यांच्यावरचं आहे."

बैठकीत एकदम शांतता झाली. कन्याही माझ्याकडे पाहू लागली. ते गाणे ती दोन महिने घोकत होती. पण ते कशावर आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि तिच्या बापाला ठाऊक असेल असे तर स्वप्नातही वाटले नव्हते.

मला ते ठाऊक असण्याचे कारण माझी विद्वत्ता नव्हे, तर आमच्या वसतिगृहाची पातळ भिंत. मी बी. ए.ला होतो तो काळ कॅसेटचा. केबल नुकतीच घरोघर पोहोचली होती आणि तिच्यातून एमटीव्ही नावाचे वादळ आत शिरले होते. शेजारच्या खोलीतला विद्यार्थी रोज रात्री एकच कॅसेट लावी, आणि अलीकडे मी ज्ञानेश्वरी उघडून बसलेलो असे. भिंतीतून एका मुलीचा आवाज येई. शब्द कळत नसत. पण आवाज मधेच खालून वर असा काही मोडून जाई की, माझे बोट ओवीवरच थांबे. एके रात्री भांडायला म्हणून मी त्याच्या खोलीत गेलो आणि कॅसेटचे वेष्टण हातात घेऊन परत आलो. त्यावर नाव होते: ‘द क्रॅनबेरीज’.

तर वाचकहो, ही त्या क्रॅनबेरीजची कथा.

आयर्लंडच्या पश्चिमेकडे शॅनन नदीच्या काठी लिमरिक नावाचे शहर आहे. पाच ओळींच्या चावट-खोडकर इंग्रजी कवितेला याच गावाचे नाव आहे. आपल्या वात्रटिकेची ती विलायतेतली मावसबहीणच. पण गावाचे दिवस वात्रटिकेसारखे नव्हते. पाऊस आणि गरिबी या दोन गोष्टींची तेथे वाण नव्हती. फ्रँक मॅकोर्ट या लेखकाने १९९६ साली आपल्या बालपणाचे जे पुस्तक लिहिले, ते याच गावातल्या ओल्या भिंतींचे आणि रिकाम्या ताटांचे आहे. पुढे काळ बदलला, तरी १९८० नंतरच्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारी मोठी होती आणि तरुण पोरे लंडन-बॉस्टनची वाट धरत होती.

ज्यांनी ती वाट धरली नाही, त्यांत नोएल आणि माइक होगन हे दोघे भाऊ आणि फर्गल लॉलर हा त्यांचा मित्र होता. वये सोळा ते अठरा. नोएल गिटार वाजवी, धाकटा माइक जाड तारांची बेस गिटार आणि फर्गल ड्रम. १९८९ साली त्यांनी वाद्यवृंद काढला. गायला नाइल क्विन नावाचा मुलगा होता. वृंदाचे नाव ‘द क्रॅनबेरी सॉ अस’. म्हटले तर ‘क्रॅनबेरीने आम्हाला पाहिले’ आणि भरभर उच्चारले तर ‘क्रॅनबेरीची चटणी’. क्रॅनबेरी म्हणजे लाल, आंबट, करवंदाची आठवण करून देणारे फळ. वय वर्षे सोळाला असल्या कोट्या सुचतात आणि फार मोठ्या वाटतात. आमच्या वसतिगृहाच्या भित्तिपत्रकाचे नाव मी येथे सांगत नाही, एवढ्यावरून काय ते समजा.

वर्षभरात क्विन सोडून गेला आणि १९९० साली त्याच्याच ओळखीतून एक मुलगी परीक्षा द्यायला आली. खेड्यातली. अठरा वर्षांची. काखेत कीबोर्ड. नाव डोलोरेस ओरिअर्डन. ‘डोलोरेस’ हे नाव मेरीमातेच्या दुःखांवरून ठेवतात, हे मला पुढे कळले.

ती लिमरिकजवळच्या बॅलीब्रिकन या खेड्यातली. वडील शेतमजूर, मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार बसून अधू झालेले. आई शाळेतल्या मुलांच्या जेवणाची व्यवस्था पाही. सात भावंडांत ही शेंडेफळ. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि भजनात गायची. शाळा आयरिश भाषेतून शिकवणारी. थोडक्यात, आपल्याकडच्या एखाद्या देवळात पेटी वाजवणाऱ्या, अभंग म्हणणाऱ्या मुलीने गिटारवाल्या पोरांच्या तालमीत येऊन उभे राहावे, तसे ते दृश्य होते.

नोएलने तिला आपल्या चालीची एक टेप दिली. आठवड्याभराने ती त्या चालीवर शब्द घेऊन आली. पहिल्या प्रेमातली फसगत, एवढाच विषय. ते गाणे म्हणजे ‘लिंगर’. पुढे ते अमेरिकेत विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढले. चौघांची घडी तेथे बसली. नोएलची चाल, डोलोरेसचे शब्द, आणि दोघांच्या पाठीशी माइक आणि फर्गल. ही घडी शेवटपर्यंत बदलली नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत माणसे आपल्याकडच्या नाटक कंपन्यांसारखी येतात-जातात, भांडतात, कोर्टात उभी राहतात. हे चौघे मात्र चौघेच राहिले.

पण यश काही दारात उभे नव्हते. १९९१ साली पहिली छोटी तबकडी निघाली. टीकाकारांनी ती झोडपून काढली. व्यवस्थापकाशी बिनसले, तो बदलावा लागला. डोलोरेस तर इतकी बुजरी की, सुरुवातीच्या कार्यक्रमांत श्रोत्यांकडे पाठ करून गायची! पहिला मोठा संग्रह मार्च १९९३ मध्ये निघाला. निर्माता होता स्टीफन स्ट्रीट. हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे. संग्रहाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, ‘बाकी सगळे करताहेत, मग आपण का नाही?’ आपल्या मध्यमवर्गीय संसाराचे याहून नेमके ब्रीद मी कोठे वाचलेले नाही. सोफासेटपासून परदेशवारीपर्यंत आपल्या घरात जे जे येते, ते याच मंत्राने.

इंग्लंडने संग्रहाकडे फारसे पाहिले नाही. त्या वर्षी हे चौघे दुसऱ्या वृंदांच्या आधी वाजवायला म्हणून अमेरिकेत गेले. मुख्य कलाकार यायच्या आधी वाजवायचे म्हणजे लग्नात जेवणाच्या आधी भाषण करण्यासारखे. लोकांचे लक्ष पानाकडे. पण एमटीव्हीने ‘लिंगर’ पुन्हा पुन्हा दाखवायला सुरुवात केली, आणि लोक या आधीच्या पाहुण्यांसाठीच वेळेवर येऊन बसू लागले. अमेरिकेत नाव झाल्यावर इंग्लंडला जाग आली. पडलेला तो संग्रह वर्षभराने, १९९४ साली, तेथे पहिल्या क्रमांकावर गेला. घरच्या माणसाची किंमत बाहेरच्या चार लोकांनी कौतुक केल्यावर कळते, हा नियम समुद्रापलीकडेही लागू आहे तर!

त्या आवाजाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आयर्लंडमध्ये वाद्यांच्या साथीशिवाय, एकट्याने गायची एक जुनी परंपरा आहे. शिवाय मयताच्या घरी बायकांनी सूर लावून शोक करायचा, गेलेल्याचे गुण गात आक्रंदायचे, अशीही एक रीत तेथे फार जुन्या काळापासून होती. आपल्या खेड्यांतून बायका हेल काढून रडतात ना, तेच ते. रडणे आणि गाणे यांच्यामधला बांध तेथे फुटलेला असतो. डोलोरेस गाता गाता खालच्या आवाजातून एकदम वरच्या, बारीक आवाजात उडी घेई आणि त्या उडीत गळा मोडल्यासारखा वाटे. माझ्या आजीला जात्यावर बसल्या बसल्या माहेरची कोणी गेलेली आठवली की, तिची ओवी अशीच मधे मोडायची. मला वाटते, भिंतीपलीकडच्या त्या आवाजाने माझे बोट थांबत असे ते यामुळेच.

आता ते ‘झॉम्बी’.

उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहावे की आयर्लंडला मिळावे, यावरून तिकडे कित्येक वर्षे रक्त सांडत होते. २० मार्च १९९३. वार शनिवार. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन या गावी बाजाराच्या रस्त्यावर आय. आर. ए. या सशस्त्र संघटनेने कचऱ्याच्या पेट्यांत ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. दुसऱ्या दिवशी तिकडचा मातृदिन होता; बाजारात गर्दी होती. तीन वर्षांचा एक मुलगा जागच्या जागी गेला. बारा वर्षांचा दुसरा पाच दिवसांनी इस्पितळात गेला. डोलोरेस तेव्हा कार्यक्रमांसाठी इंग्लंडमध्येच होती. तिच्या मनाने जे घेतले, त्याचे हे गाणे झाले. जुन्या वैराची गोष्ट १९१६ च्या बंडापासून माणसांच्या डोक्यात कशी घुमत राहते आणि त्या घुमण्यात विचार न करता चालणारी प्रेते कशी तयार होतात, असा त्याचा आशय. मारणारे तिच्याच देशाचे नाव घेत होते. म्हणून ते गाणे ओरडून म्हणावे असे तिला वाटले असेल. हळुवार प्रेमगीते करणाऱ्या या चौघांनी त्यासाठी गिटारचा आवाज एकदम चढवला.

गाणे सप्टेंबर १९९४ मध्ये बाहेर आले. त्याच्या काही दिवस आधी आय. आर. ए.ने शस्त्रसंधी जाहीर केली होती. कायमचा समझोता व्हायला पुढे एप्रिल १९९८ उजाडला. गाण्याने शांतता आली, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. तिच्यावर टीकाही झाली, आजही होते. उत्तरेतल्या काही लोकांचे म्हणणे असे की, तिने एकाच बाजूने मारलेली मुले पाहिली. आमच्या गल्ल्यांत सैनिकांच्या गोळ्यांनी गेली, त्यांचे काय? हे म्हणणे खोटे नाही. पण शोक करणारी बाई सगळ्या मयतांची यादी करून रडायला बसत नाही. समोर जे मूल पडलेले दिसते, त्याच्यासाठी तिचा सूर निघतो.

ज्या संग्रहात हे गाणे होते, त्याच्या जगभर सुमारे १ कोटी ७० लाख प्रती गेल्या. लिमरिकच्या चौघांचे नाव आता आपल्या वसतिगृहाच्या भिंतीपर्यंत आले होते.

येथे मी क्षणभर थांबतो, कारण माझ्याही एका चौकडीची गोष्ट सांगायची आहे.

त्याच वसतिगृहात आम्ही चौघे होतो. एक पेटी वाजवी, एक तबला, एक गाई. मला यातले काहीच येत नसल्याने निवेदन माझ्याकडे असे. आसपासच्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आम्ही भावगीतांचे कार्यक्रम करत होतो. मानधन म्हणजे बसभाडे आणि मिसळ. आमच्या गायकाचा गळा असा की, मागच्या बाकावर टवाळी करणारी मुलेही गप्प बसत. पण त्याचे एक होते. कधी कधी तो रात्र रात्र जागे, भराभर बोले, एका दिवसात दहा नव्या चाली लावी आणि आम्हाला मुंबई जिंकायला निघायच्या गोष्टी सांगे. आणि मग महिना महिना खोलीचे दार उघडत नसे. कार्यक्रम ठरलेला, लोक जमलेले आणि हा पांघरूण ओढून पडलेला. आम्ही त्याला ‘लहरी’ म्हणत होतो. रागावलो की ‘नाटकी’ म्हणत होतो. दोन कार्यक्रम असे बुडाल्यावर पेटीवाला तडकला, मी मधे पडलो नाही, आणि आमची चौकडी मोडली. भांडण असे झालेच नाही. नुसते बोलावणे थांबले.

तिकडे लिमरिकच्या चौघांचे काय झाले? यशाने त्यांना एक दिवस उसंत दिली नाही. कार्यक्रम, प्रवास, तबकडी, पुन्हा प्रवास. १९९६ साली तिसरा संग्रह निघाला. तो त्यांनी दोन गेलेल्या माणसांना अर्पण केला होता. एक डोलोरेसचे आजोबा आणि दुसरा, त्यांना मोठ्या कंपनीत आणणारा डेनी कॉर्डेल. त्याच वर्षी दौरा अर्ध्यावर सोडावा लागला, कारण डोलोरेस वाळून काटकी झाली होती. तिला झोप नव्हती, अन्न जात नव्हते. वर्तमानपत्रांनी तिला काय म्हटले असेल? लहरी! वाचताना मी ओशाळलो.

थोडी विश्रांती झाली. तिला मूल झाले. १९९९ आणि २००१ साली आणखी दोन संग्रह निघाले. त्यांतल्या दुसऱ्याला पुन्हा स्टीफन स्ट्रीट होता. पण जमाना बदलला होता. पहिल्यासारखी विक्री राहिली नाही. २००३ साली चौघांनी जाहीर केले की, आपण काही काळ थांबतो आहोत. कोणी कोणावर चिखल उडवला नाही. लहान वयात एकत्र आलेली माणसे चौदा वर्षे एकाच गाडीत बसून फिरली होती. आता प्रत्येकाला घरी जायचे होते. डोलोरेसने एकटीने दोन संग्रह काढले, नोएल आणि फर्गल यांनी आपापले प्रयोग केले. ते वाईट नव्हते. पण आमटीतले तिखट, मीठ, गूळ आणि चिंच वेगवेगळ्या वाट्यांत वाढले, तर पाहुणा काय जेवणार?

हे त्यांनाही उमगले असावे. जानेवारी २००९ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या एका जुन्या वादमंडळाने डोलोरेसचा सन्मान केला. त्या निमित्ताने जुने सोबती पुन्हा एकत्र वाजवायला बसले. त्याच वर्षी दौरा ठरला आणि २०१२ साली नवा संग्रह निघाला. निर्माता पुन्हा तोच. वयाच्या चाळिशीत जुने मित्र जमले की पहिल्या दहा मिनिटांत सगळे विशीचे होतात. तसेच त्यांचे झाले असेल.

पण डोलोरेसच्या आत जे चालले होते, ते कोणाला दिसत नव्हते. आपण लहान असताना एका ओळखीच्या माणसाने आपल्यावर वर्षानुवर्षे अत्याचार केला, हे तिने २०१३ साली प्रथम उघडपणे सांगितले. तोवर वडील गेले होते. मग वीस वर्षांचा संसार मोडला. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कहून येणाऱ्या विमानात तिने आकांत केला, कर्मचाऱ्यांशी आणि पोलिसांशी झटापट केली. जगाने तिची टर उडवली. पुढे डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिले: बायपोलर, म्हणजे मनाचे एका टोकावरून दुसऱ्या टोकाला फेकले जाणे. कधी झोपेशिवाय उत्साहाचा पूर, कधी महिनोन्‌महिने अंधार. २०१६ साली न्यायाधीशांनी हे दुखणे ध्यानात घेतले आणि गरिबांच्या निधीत ६,००० युरो भरायला सांगून तिला सोडले.

त्या दुखण्याची लक्षणे मी वाचली आणि पुस्तक खाली ठेवले. रात्र रात्र जागणे. एका दिवसात दहा चाली. मग पांघरूण.

२०१७ साली त्यांनी आपली जुनी गाणी लिमरिकच्या विद्यापीठात व्हायोलिन-चेलोच्या साथीने नव्याने मुद्रित केली. दौरा सुरू झाला आणि तिच्या पाठीच्या दुखण्याने तो बंद पडला. तरी तिचे आणि नोएलचे नव्या गाण्यांचे काम चालू होते. तो चाल पाठवी, ती आवाज भरून परत पाठवी. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या टेपसारखेच. जानेवारी २०१८ मध्ये ती लंडनला गेली. एका अमेरिकन वृंदाने ‘झॉम्बी’ नव्याने केले होते आणि त्यात ती आपला आवाज देणार होती. १५ जानेवारीला सकाळी ती हॉटेलच्या न्हाणीघरात मृत सापडली. मद्याच्या अंमलाखाली टबात बुडून अपघाती मृत्यू, असा निर्णय चौकशीत झाला. तो निर्णय झाला ६ सप्टेंबरला. त्या दिवशी तिला सत्तेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती.

तिचा अंत्यविधी बॅलीब्रिकनच्या त्याच चर्चच्या परिसरात झाला.

मागे राहिलेल्या तिघांपुढे प्रश्न होता. तिने भरून पाठवलेला आवाज नोएलजवळ पडून होता. तो ऐकायचा तरी कसा? आणि ऐकून त्याचे करायचे काय? त्यांनी तिच्या घरच्यांना विचारले. घरच्यांनी होकार दिला. स्टीफन स्ट्रीटला बोलावणे गेले. त्या वसंतात तिघे लंडनच्या स्टुडिओत बसले आणि कानांवर यंत्र लावून, नसलेल्या मुलीला साथ करू लागले. आपल्याकडे साथीदार गायकाच्या चेहऱ्याकडे बघत वाजवतो. यांनी कोणाकडे बघितले असेल?

एप्रिल २०१९ मध्ये अकरा गाण्यांचा तो संग्रह निघाला. नाव ‘इन द एंड’, शेवटी. आणि यानंतर क्रॅनबेरीज नाही, असे तिघांनी सांगितले. दुसरी गायिका आणून दुकान चालू ठेवता आले असते; जगात तसे पुष्कळ करतात. यांनी पाटी उतरवली. त्या संग्रहाला अमेरिकेच्या ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. तीस वर्षांतले पहिले!

लिमरिकने आपल्या मुलीला विसरू दिले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लिमरिकच्या संघाने हर्लिंग या आयरिश खेळाचे विजेतेपद पंचेचाळीस वर्षांनी जिंकले, तेव्हा डब्लिनच्या मैदानावर तिचे ‘ड्रीम्स’ लागले आणि हजारो माणसे ते गाऊ लागली. २०२३ साली पॅरिसला रग्बीच्या विश्वचषकात आयरिश लोकांनी ‘झॉम्बी’ म्हटले आणि त्यावरून मायदेशी पुन्हा वाद पेटला.

तर यातले बरेचसे मी त्या कोजागरीला गच्चीवर सांगितले. दूध निवले, हा आरोप मला मान्य आहे. मग मुलांनी गाणे म्हटले. कन्येचा गळा काही डोलोरेसचा नव्हे. पण त्या मोडायच्या जागी तिने जीव ओतला. चिटणीसांच्या मातोश्री सर्वांत पुढे खुर्चीवर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते. माझे भाषण त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. गाणे संपल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "कोण गेलं गं बाई हिचं?"

चिटणीसांनी खाली मान घालून दुधाचे पेले वाटायला सुरुवात केली.

रात्री घरी आल्यावर सौ. म्हणाली, "तुमच्या त्या गाणाऱ्या मित्राचं काय झालं हो पुढे?"

मला सांगता येईना. आयर्लंडमधल्या एका बाईच्या आयुष्याच्या तारखा मला तोंडपाठ होत्या आणि ज्याच्या ताटातली मिसळ खाल्ली, तो माणूस जिवंत आहे की नाही हे माहीत नव्हते. त्या रात्री कोजागरी मी खऱ्या अर्थाने जागून काढली.

दुसऱ्या दिवशी तबलजीला फोन केला, त्याने आणखी कोणाला केला, आणि चार दिवसांनी कऱ्हाडजवळच्या एका गावचा नंबर हाती आला. पलीकडून आलेला आवाज जड होता. पण ‘हॅलो’मध्येही सूर लागलेला होता. मी नाव सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काय निवेदक! आज कार्यक्रम कुठं?"

माझ्या तोंडून निवेदन फुटेना. मीच म्हटले, "तेव्हा आम्हाला कळलं नाही रे."

"मला तरी कुठं कळलं होतं?" तो म्हणाला. दहा वर्षे औषधे चालू आहेत. ती घेतली की ठीक असते. मधे दोनदा आपल्या मनाने बंद केली, तेव्हा फार हाल झाले. बायको डबीत रोजची गोळी काढून ठेवते. गावातल्या पोरांना पेटी शिकवतो. "गातोस का?" असे मी विचारले. "सकाळचा गातो," तो म्हणाला. "गोळ्यांनी आवाज जरा बसलाय. पण खर्ज चांगला लागतो."

त्यानंतर दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो. एखाद्या रविवारी तो बोलत नाही. मग मी त्याच्या बायकोशी बोलतो. पेटीवाल्याला राजी करायला मला आठ महिने लागले. त्याचा राग नव्हता, संकोच होता.

यंदा भाऊबीज उरकून आम्ही तिघे कऱ्हाडला जाणार आहोत. तबलजीने तबल्याची पुडी बदलून आणली आहे. कन्या म्हणते, मलाही न्या, गिटार घेऊन येते. सौभाग्यवतींनी चिवड्याचा मोठा डबा आतापासूनच बाजूला काढून ठेवला आहे आणि मला बजावले आहे की, तेथे गेल्यावर निवेदन आटोपशीर करा.